लाल टॅगवर माझी सही

दिघेकाकांनी आपला पंच सक्सेना साहेबांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा मी त्याच टेबलाखाली वाकून प्रिंटरची केबल शोधत होतो. त्यामुळे मला फक्त आवाज ऐकू आला. लोखंड काचेवर ठेवल्याचा.

पंच म्हणजे बोटाएवढा पोलादी ठसा. इंदूरजवळ पीथमपूरला आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरला लागणारे तेलाचे पंप बनत. प्रत्येक पंप टेस्ट बेंचवर चढवायचा, दाब देऊन पाहायचा, आणि पास झाला की तपासणाऱ्याने त्यावर आपल्या नंबरचा पंच हातोडीने ठोकायचा. काकांचा नंबर सतरा. सतरा नंबरचे अकरा पंप गिऱ्हाइकाकडून परत आले होते. सगळे गळके.

"दिघेजी, जब तक इन्क्वायरी नहीं होती, आप पैकिंग में बैठिए," सक्सेना साहेब म्हणाले. ते आमचे प्लांट हेड.

"साहब, बाईस साल में मेरा एक पंप वापस नहीं आया."

"अब ग्यारह आए हैं."

 याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं, कारण त्या टेस्ट बेंचचा कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी मीच बसवला होता. पण मी टेबलाखालीच राहिलो. केबल मला केव्हाच सापडली होती.

काका धारचे. आजोबा संस्थानच्या कारभारात होते, त्यामुळे घरात अजून जुन्या वळणाची मराठी. माझ्या वडिलांची चौकशी करताना ते "तीर्थरूप कसे आहेत?" असं विचारत. माझे तीर्थरूप नोकरीसाठी साताऱ्याकडून देवासला आले आणि तिथेच राहिले. माझी शाळा हिंदी, मित्र हिंदी, मराठी फक्त आईशी भांडण्यापुरती. तरी काका माझ्याशी मराठीतच बोलत, आणि मी इथल्या सवयीने "भिया" म्हणालो की न ऐकल्यासारखं करत.

दुपारी कँटीनमध्ये मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"काका, खराब पंप तुम्हाला कळला नाही?"

"अरे, कव्हर बंद असतं. तेल सुटलेलं दिसायचं कुठून? पण एक-दोघांचा आवाज बरा नव्हता. मी शिफ्ट इन्चार्जला म्हटलं देखील. तो म्हणाला, कम्प्यूटर पास बोल रहा है ना, फिर ठोको. मग ठोकला."

"आणि नापास झालेले पंप?"

"ते जातात रिवर्कला. तिकडचे लोक चिडलेत माझ्यावर. म्हणतात, दिघे चांगलेच पंप पाठवतो, खोलून बघावं तर आत काही बिघाडच नाही."

माझा घास तोंडातच राहिला. खराब पंप पास होऊन बाहेर जात होते आणि चांगले नापास होऊन आत राहत होते. बेंच दोन होते. दोन्हींवर एकाच वेळी एकेक पंप चढायचा. बेंच एकचा निकाल बेंच दोनच्या नावावर पडला, तर नेमकं हेच होणार.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही सक्सेना साहेबांना सांगायचं होतं, म्हणजे सोपंच केलेलं आहे.

लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला जे काही जोडाल, प्रिंटर, मीटर, माऊस, त्या प्रत्येकाला आत एक नाव मिळतं. प्रोग्रॅम मीटरला ओळखत नाही, नावाला ओळखतो. ही नावं देण्याचं काम जो करतो तो डिव्हाइस मॅनेजर. आमच्याकडे होता तो जुना, डेव्हएफएस नावाचा. त्याची रीत पंगतीसारखी. जो आधी आला तो पहिल्या पाटावर, नंतर आला तो दुसऱ्यावर. आमच्या दोन बेंचचे दाब मोजणारे दोन्ही मीटर एकाच जातीचे, एकाच तऱ्हेच्या केबलने जोडलेले. त्या दिवसांत आमच्याकडे लाइट दिवसातून चार वेळा जायची आणि बेंचच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली होती. लाइट आली की कॉम्प्युटर उठायचा, आणि ज्या मीटरची हजेरी आधी लागली तो एक नंबर. बहुतेक वेळा बरोबर लागायची. कधीतरी उलटी.

मी कॉम्प्युटरची लॉग फाइल उघडली. कॉम्प्युटर स्वतःच्या रोजच्या हालचाली लिहून ठेवतो ती ही फाइल. कोणत्या वेळी उठला, कोणता मीटर आधी आला, सगळं त्यात होतं. अकराही पंपांच्या टेस्टच्या तारखा लावून पाहिल्या. अकराही वेळा मीटर उलटे.

काकांचा काडीचाही दोष नव्हता. मला इतका आनंद झाला की तो दोष मग कोणाचा, हा विचार करायला मी दोन दिवस घेतले.

सक्सेना साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यानी मशीन की गलती है?"

"हाँ सर."

"बढ़िया." ते खरोखर खूश झाले. चूक मशीनची निघाली की कारखान्यात सगळ्यांनाच बरं वाटतं. मशीनला घरचे विचारत नाहीत आणि युनियन तिच्या बाजूने येत नाही. "हेड ऑफिस से मैडम आएँगी इन्क्वायरी के लिए. उनको दिखा देना, पुराना कैसे गड़बड़ करता था, नया कैसे नहीं करता. पर मुळे, प्रोडक्शन नहीं रुकना चाहिए." मुळे म्हणजे मी, सुहास मुळे.

नवा म्हणजे यूडेव्ह. तो तेव्हा नुकताच रुळत होता. त्याची रीत वेगळी. त्याला आपण नियम लिहून द्यायचा, की अमुक सीरियल नंबरची केबल आली की तिचं नाव बेंच एक, मग ती पहिली येवो की शेवटची. पाटावर नाव लिहून ठेवल्यासारखं.

चालत्या कॉम्प्युटरचा डिव्हाइस मॅनेजर बदलणं हे चालत्या बसचा ड्रायव्हर बदलण्याइतकं सोपं आहे. म्हणून मी सावधपणे गेलो. जुन्या हार्ड डिस्कला हात लावला नाही. तिच्यावरून नव्या डिस्कवर कॉपी केली आणि सगळे प्रयोग कॉपीवर केले. लॉगची जागा तेवढी नव्या डिस्कवर कोरी ठेवली, जुन्या-नव्या नोंदींची खिचडी नको म्हणून. काही बिघडलं तर जुनी डिस्क परत लावायची, दहा मिनिटांत बेंच चालू. याला आमच्या धंद्यात परतीची वाट म्हणतात. ती ठेवल्याशिवाय कोणी शहाणा माणूस पुढे जात नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी एकटाच कारखान्यात गेलो. जुना मॅनेजर बंद केला, नवा बसवला, कॉम्प्युटर परत सुरू केला. स्क्रीनवर एक ओळ आली आणि सगळं ठप्प. कन्सोल, म्हणजे कॉम्प्युटरची बोलायची जागा, उघडता येत नाही, असं त्या ओळीचं म्हणणं. बराच वेळ मी स्क्रीनकडे आणि स्क्रीन माझ्याकडे बघत बसलो. मग उमगलं. नावांची सगळी यादी आजवर जुना मॅनेजर स्वतः उठल्यावर भरायचा, त्याच्याखाली डिस्कवरची खरी जागा रिकामीच होती. नवा उठायला थोडा वेळ घेतो, आणि तो उठण्याआधी कॉम्प्युटरला निदान दोन नावं तयार लागतात. नाहीतर तो पहिला शब्द बोलायलाही तोंड उघडत नाही. ती दोन नावं हाताने लिहून दिली. चालू झाला.

पुढची अडचण केबलची. आमच्या दोन्ही केबल इतक्या स्वस्तातल्या की बनवणाऱ्याने त्यांना सीरियल नंबरच दिला नव्हता. नियमात लिहिणार काय? इंदूरला जाऊन नंबरवाल्या दोन केबल आणल्या. मग मात्र कॉम्प्युटर वीस वेळा बंद-चालू केला, केबल उलटसुलट लावल्या, वीसही वेळा बेंच एक तो बेंच एकच राहिला. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. दुसरं कोणी नव्हतं तिथे.

जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घातली. पिशवीवर पर्ची चिकटवली, मार्करने ठळक लिहिलेली, 'हाथ न लगाएँ - मुळे', आणि पिशवी बेंचमागच्या रॅकवर ठेवली. तिच्यात काकांची सुटका होती, कारण ती लॉग फाइल आता जगात त्या एकाच जागी होती. छापून ठेवावी असं एकदा मनात आलं. पण डिस्क आहे ना, म्हटलं.

मॅडमचं येणं लांबत गेलं. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. काका पॅकिंगमध्ये खोक्यांना पट्ट्या मारत होते. बावीस वर्षं ज्यांच्या पंचाशिवाय पंप दाराबाहेर गेला नाही, त्यांना कालची पोरं "काका, टेप पकड़ाना" म्हणत होती. मी रोज जाऊन सांगायचो, "काका, थोडेच दिवस." ते म्हणायचे, "अरे, मी कुठे काय म्हणतोय?" धारच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायला लोक टाळतात, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

इथे मला माझ्या दुसऱ्या हुद्द्याबद्दल सांगायला हवं. मी आमच्या कारखान्याच्या फाइव्ह एस समितीचा सचिव होतो. फाइव्ह एस ही जपानी पद्धत. त्यात पाच शब्द आहेत. आम्हाला त्यातला पहिलाच पटला होता, नको ते काढून टाका. महिन्यातून एकदा समिती फेरी मारायची. जी वस्तू वापरात दिसत नाही तिला लाल टॅग लावायचा. सात दिवसांत कोणी दावा सांगितला नाही तर वस्तू भंगारात. पीथमपूरमध्ये त्या काळी याची अशी साथ आली होती की माणसं डबा खाताना झाकण हातात धरून ठेवत.

आमच्या कारखान्याची नियमावली मीच लिहिली होती. बारा कलमं. मला तिचा फार अभिमान होता.

मॅडम येणार त्या दिवशी सकाळी मी डिस्क आणायला रॅककडे गेलो. रॅक स्वच्छ होता. इतका स्वच्छ की मी तडक स्टोअर गाठलं.

भंगाराचं काम स्टोअरच्या राधेश्यामकडे. तो खातेगावचा, सरळ माणूस.

"राधेश्याम भिया, बेंच के पीछे एक थैली थी. उस पर लिखा था, हाथ न लगाएँ."

"लिखा तो था भिया, पर पेन से लिखा था. तमारे नियम में हे, हाथ की लिखी परची नी चलेगी, छपी हुई चइए. तो परची हटा दी. फिर परची नी थी, तो लाल टैग लगा दिया."

"सात दिन में किसी से पूछा?"

"लिस्ट तमारे पास भेजी थी." त्याने फाइल उघडून माझ्यासमोर धरली. त्रेचाळीस वस्तूंची यादी. एकतिसावी वस्तू: डब्बा लोहे का, छोटा, बिना केबल, उपयोग मालूम नहीं. खाली माझी सही. ही यादी मी कधी वाचली ते मला आठवेना. मग आठवलं की वाचलीच नव्हती.

"अच्छा, पर डिस्क है कहाँ?"

"हे तो सही. पर उसमें..." राधेश्याम अडखळला. त्याने कपाटातून डिस्क काढून दिली. तिला तीन भोकं पाडलेली होती. आरपार. कलम अकरा, भंगारात जाणारी प्रत्येक हार्ड डिस्क टूलरूममध्ये ड्रिल करून मगच बाहेर पाठवावी, म्हणजे कंपनीची माहिती सुरक्षित राहते. हे कलम लिहिल्याबद्दल सक्सेना साहेबांनी मीटिंगमध्ये माझं खास कौतुक केलं होतं. टूलरूमने ती हार्ड डिस्क आहे हे बरोबर ओळखलं होतं आणि काम अगदी मापात केलं होतं. तिन्ही भोकं एका रेषेत.

मी तसाच पॅकिंगमध्ये गेलो. काकांना डिस्कचं सांगितलं. 

"जुनं पुन्हा बसवता येणार नाही का रे?"

"येईल. पण मॅडम म्हणतील, हे तुम्ही आजच बनवलंत. त्या अकरा टेस्टच्या नोंदी कुठे?"

"हं." त्यांनी हातातली टेप खाली ठेवली. "मग राहू दे. तू उगाच मध्ये पडू नकोस. माझी दोनच वर्षं राहिलीत, मी पॅकिंगमध्ये काढीन. तुझं आयुष्य पडलंय अजून."

ते हे मनापासून म्हणत होते, आणि मला त्याची लाज वाटली. त्याहून जास्त लाज वाटली ती याची, की ऐकून क्षणभर मला बरं वाटलं.

इन्क्वायरी कॉन्फरन्स रूममध्ये झाली. हेड ऑफिसच्या कर्णिक मॅडम, सक्सेना साहेब, काका आणि मी. मॅडमची मराठी स्वच्छ, कडक इस्त्रीची.

"तुमचं म्हणणं असं, की चूक मशीनची होती."

"हो मॅडम."

"पुरावा?"

मी डिस्क टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खिडकीकडे धरली. तिन्ही भोकांतून उजेड आला.

"यावर काय आहे?"

"आता काही नाही."

"भोकं कोणी पाडली?"

"टूलरूमने. माझ्या सहीने."

सक्सेना साहेबांना खोकला आला. मॅडमनी डिस्क खाली ठेवली आणि पेनचं टोपण काढलं.

"मग माझ्यापुढे उरतात अकरा पंप. त्यांवर सतरा नंबर आहे. सतरा नंबर कोणाचा?"

"माझा," काका म्हणाले.

डिस्क शाबूत असती तर दोष मशीनवर गेला असता आणि आम्ही सगळे चहा प्यायला गेलो असतो. आता मशीन सुटली होती. दोष घ्यायला खोलीत माणसंच उरली होती, आणि मॅडमचं पेन त्यांतल्या एकाचं नाव लिहायला निघालं होतं.

"मॅडम, एक सांगायचंय," मी म्हणालो. "तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बसवताना हे मीटर एकदा उलटे झालेले मी पाहिले होते. तेव्हा केबल काढून परत लावली, नीट झालं. पुन्हा असं होऊ शकतं हे मला कळलं होतं. मी कुठे लिहिलं नाही, दिघेकाकांना सांगितलं नाही. म्हटलं, नंतर बघू. मग विसरलो."

ही गोष्ट मी तोवर कोणालाही सांगितली नव्हती. तुमच्यापासूनही इतका वेळ लपवलीच. लॉग फाइल सापडल्यावर जे दोन दिवस घेतले म्हणालो, ते याच गोष्टीकडे पाठ फिरवण्यात गेले होते. मशीनच्या नावावर सगळं निभावलं असतं तर ती आजही कोणाला कळली नसती.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मॅडमनी विचारलं, "हे लेखी द्याल?"

"देतो."

"ठीक आहे. मग प्रश्न मिटला."

दहा मिनिटांत खरोखर मिटला. मशीनची चूक सिद्ध करायला लॉग फाइल लागत होती, तारखा लागत होत्या, जुनं-नवं शेजारी ठेवून दाखवायचं होतं. माझी चूक सिद्ध करायला एक कोरा कागद पुरला. कबुलीला कोणी पुरावा मागितला नाही.

मला मेमो मिळाला. फाइव्ह एसच्या सचिवपदावरून तरी काढतील अशी आशा होती. सक्सेना साहेब म्हणाले, "नहीं नहीं, अब तो तुमसे ज़्यादा कोई नहीं समझता." ते मी पुढे चार वर्षं सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला काकांना पंच परत मिळाला. मी बेंचपाशी उभा होतो. माझ्याकडे न बघता ते कामाला लागले. रागावले होते, आणि त्यांचा हक्क होता. तीन आठवडे मी रोज समोर जाऊन "थोडेच दिवस" म्हणालो होतो, आणि ही एवढी गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

त्यांनी बेंच एकवर चांगला पंप चढवला. बेंच दोनवर परत आलेल्या अकरांतला एक गळका. मग कॉम्प्युटरच्या मागे गेले, दोन्ही केबल उपटल्या, जागा बदलून लावल्या आणि मेन स्विच पाडला. चालू केला. टेस्ट घेतली. बेंच एक पास, दोन नापास. पुन्हा स्विच पाडला. चार वेळा. शिफ्ट इन्चार्ज येऊन उभा राहिला, "दिघेजी, प्रोडक्शन..." म्हणाला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. पाचव्यांदा एक पास, दोन नापास.

मग त्यांनी बेंच एकवरचा पंप उतरवला, हातोडी घेतली आणि पंच ठोकला. सतरा आकड्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"सुहास," ते म्हणाले, "हे तीन वर्षांपूर्वी मला सांगितलं असतंस, तर मीही तेव्हाच स्विच पाडून बघितला असता."

नवी मुलं मला विचारतात, चालत्या सिस्टीमचा डिव्हाइस मॅनेजर सुरक्षितपणे कसा बदलायचा. मी सांगतो, कॉपीवर काम करा, परतीची वाट ठेवा, पर्ची छापील लावा. ते लिहून घेतात. मग सांगतो की हे सगळं झाल्यावर, जो माणूस त्या सिस्टीमच्या भरवशावर सही करतो त्याला बोलवा, आणि ती कुठे चुकते हे आपल्याला माहीत असेल ते त्याला सांगा. हे सहसा कोणी लिहून घेत नाही.